पंखकऱ्यांची रुंद विहीर

उदगीरला एस.टी.तून उतरले तेव्हा स्टँडवर दोनच विषय चालू होते, नवा जिल्हा आणि आटलेले नळ. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. मी नांदेडची, शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत उंच माळावरची पंखकऱ्यांची वाडी पाहायचीच, असं ठरवून निघाले होते. दुष्काळात कुठं हिंडतेस म्हणून घरच्यांनी खूप समजावलं, पण समजून घेण्यात मी कधीच हुशार नव्हते.

जीपवाल्यानं माळाच्या पायथ्याशी सोडलं. धापा टाकत वर पोचले, तर घरांना दारंच नाहीत. एका घराभोवती तीन फेऱ्या मारल्यावर छपरावरून आवाज आला, "बाई, प्रदक्षिणा झाली असंल तर शिडी सोडू का?"

ती गौराक्का. साठीची, कपाळावर भस्माचे पट्टे, पाठीवर करडे रेक्के (पंख) नीट मिटलेले. पंखकरी छपरातल्या पंखभर रुंद झरोक्यातूनच घरात ये-जा करतात. शिडी फक्त पाहुण्यांसाठी. तिनं ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. पाणी मात्र वाटीभर दिलं.

"दोन कोस उडून घागर आणताव," ती म्हणाली. "उडल्यानं तहान लई लागती. अर्धी घागर वाटंतच सरती."

"जिल्हा जवळ आला, पाणी न्हाई आलं," तिचा मुलगा बसप्पा म्हणाला. टँकर माळ चढू शकत नव्हता. पंधरा दिवसांत विहिरीला पाणी लागलं नाही, तर सगळी वाडी उठून जाणार होती.

विहीर पाहिली आणि मी कपाळाला हात लावला. वीस हात रुंद, खोली जेमतेम आठ हात. जिथं पंख उघडता येत नाहीत तिथं पंखकरी पाऊल टाकत नाही, म्हणून विहीरही पंख पसरता येतील एवढी. माझे वडील हिमायतनगरकडं विहिरी खोदायचे. मी सांगितलं, "तळाशी मधोमध आड (अरुंद विहीर) खणा. तेवढ्याच कष्टात कितीतरी खोल जाल."

"अन् उतरंल कोण?" बसप्पा म्हणाला. "रेक्के बांधल्याबिगर माणूस तिथं मावत न्हाई. आमच्यात रेक्के बांधत्यात ते मेल्यावर. एकदा बांधले की पुन्हा उघडायचे न्हाईत."

खालच्या गावांतले, बिनपंखांचे खोदणारे गडी दुष्काळी कामांवर गेलेले. मी उतरते म्हटलं, तर गौराक्का हसली. "पाव्हणीला खड्ड्यात घालून आमी छपरावर बसावं व्हय?"

दुसऱ्या सकाळी ती स्वतःच पांढरं कापड घेऊन आली आणि मुलापुढं पाठ करून बसली. बसप्पाचे हात उठेनात. शेवटी मी बांधले. बोटांखाली पिसं उबदार होती आणि मला रडू आवरलं नाही.

दोराला धरून ती तळाशी गेली, पहार मारू लागली. वरच्या बायकांनी रीतीप्रमाणं गळा काढला. खालून आवाज आला, "मेले न्हाई अजून. पाटी वर घ्या."

दोन दिवसांसाठी गेलेली मी नऊ दिवस राहिले. दोर ओढून हाताला फोड आले. आठव्या दिवशी पाटीत ओला चिखल आला. बसप्पानं तो गालाला लावला. दुसऱ्या सकाळी आडात गुडघाभर गढूळ पाणी होतं. वाडीचं जाणं टळलं.

गौराक्काला शेवटचं वर घेतल्यावर बसप्पानं कापडाच्या गाठीला हात घातला. तिनं तो बाजूला केला. "ठाऊक असूनच बसले हुते. ऱ्हाऊ दे."

मला निरोप द्यायला ती पायी खाली आली. तो उतार तिनं जन्मात पायांनी उतरला नव्हता; दोनदा घसरली, मी धरू गेले तर रागावली. पायथ्याशी पोचल्यावर तिनं वळून माळाकडं पाहिलं, बराच वेळ.

"लई उंच हाय की गं आमची वाडी," ती म्हणाली. मग पदर खोचून चढायला लागली.

सल्ला माझा होता आणि पंख तिचे गेले, हे नांदेडला घरी पोचल्यावरही मनातून जाईना. तरी पुन्हा कुणी विचारलं तर मी तोच सल्ला देईन. आणि गौराक्का पुन्हा तेच कापड घेऊन येईल, याची मला खात्री आहे.