तिथीचा वाढदिवस आणि जर्मनीतला पीटर

घरात कॉम्प्युटरवाली नात असली की किस्से भांड्यांसारखे साचतात. लख्ख निघाले तेवढे मांडते. मी बोलतेय, सई टाइप करतेय. स्वतःचं कौतुक टाइप करताना लाजतेय, पण सोडणार नाही मी!

*

देशोदेशीचे लोक मिळून एक कॅलेंडर बनवतात, कुणीही फुकट वापरावं असं. सईनं त्यात नवं फीचर लिहिलं: तिथीनं वाढदिवस सांगायचं. तिचा बाप, म्हणजे माझा अवि, म्हणाला, "पगार कोण देतं?"

"कुणीच नाही!"

"मग करतेस कशाला?"

मी म्हटलं, "अरे, भंडाऱ्यात पुऱ्या लाटणारा पगार मागतो का!"

*

फीचर घ्यायचं की नाही, ते बटण जर्मनीतल्या पीटरच्या हातात. त्यानं माझी तिथी घालून पाहिली आणि विचारलं, "आजींचा वाढदिवस दर वर्षी हलतो कसा?"

"आजी, काय कळवू?"

"कळव, वाढदिवस जागच्या जागी आहे, तुमची तारीखच पळते!"

पीटरनं हसरं तोंड पाठवलं. फीचर मात्र घेतलं नाही. "आणखी लोकांवर तपासा," म्हणाला.

*

आमच्या दाना ओली गल्लीतल्या शेजारच्या चाची हिंदीवाल्या. जन्म भादों बदी पंचमीचा. सईनं तिथी घातली, तर वाढदिवस थेट पितृपक्षात!

चाची कडाडल्या, "हमें जीते-जी पितरों में बिठा दिया!"

सईचं तोंड एवढंसं झालं. कित्येक महिन्यांची मेहनत! मी म्हटलं, "अगं, यांचा महिना पुनवेला संपतो, म्हणून आपला श्रावण वद्य तोच यांचा भादों बदी. कान्हाचा पाळणा एकाच रात्री हलवतो ना आम्ही? दोन्ही रीती घाल, ज्यानं त्यानं आपली निवडावी."

घातल्या. चाची पितरांतून परत आल्या!

*

फैसल्याच्या दिवशी पीटर व्हिडिओवर आला. चेहरा गंभीर. सई त्याचं बोलणं मला, अविला आणि चाचींना सांगत होती: "मी माझी जन्मतारीख घातली. तिथी आज आहे म्हणतंय. माझा वाढदिवस तर पंधरा दिवसांपूर्वीच झाला!"

अवि पुटपुटला, "गेलं सगळं!"

मी उठले आणि निरांजन लावून आणलं.

"आई, आधी फीचर घेतलं का ते तर विचारू दे!"

"वाढदिवसाच्या माणसाला आधी ओवाळतात!"

मी लॅपटॉपसमोर तबक धरलं. चाचींनी डोक्यावर पदर ओढून पीटरला खूण केली, "सिर ढको, बेटा!"

त्यानं खिशातून रुमाल काढला, डोक्यावर ठेवला, मान पुढे झुकवली, आणि तशाच वाकल्या मानेनं फीचर घ्यायचं बटण दाबलं.