बोहारणीला कोरी साडी

चौऱ्याऐंशी साली एका संध्याकाळी रावजी फोरमन बहारीनमधल्या सित्र्याच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यातून कंपनीच्या बसनं घरी आला, तो दारातूनच ओरडला, "जकात खलास, रत्ना! नोकरी वाचली!"

उन्हाळाभर दोघांचा जीव टांगणीला होता. युरोपातल्या अ‍ॅल्युमिनियम कारखानदारांच्या संघानं तिथल्या सरकारांकडे धोशा लावला होता, की बहारीनच्या स्वस्त धातूवर जबर जकात बसवा. तसं झालं असतं, तर रावजीच्या कारखान्याचा माल घेतलाच नसता कुणी.

"मग सरकारचं मन वळवलं कुणी?" रत्नाबाईनं विचारलं.

"तिथल्याच भांडीवाल्यांच्या संघानं. धातू महागला तर पातेली कशाची करायची, म्हणून भांडले ते."

रत्नाबाईला बोहारीण आठवली. गावी जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीशी तिनं जन्मभर हुज्जत घातली होती. विरलेलं लुगडं देऊन डबा घ्यायचा, वर वाटीही उपटायची.

पुढच्या सुट्टीत दोघं गावी गेले आणि बोहारीण दारात आली, तेव्हा रत्नाबाईनं तिच्या हातात कोरी साडी ठेवली. "भांडं नको. तुमच्या भांडीवाल्यांनी आमची चूल राखली, बाई."

बोहारणीनं साडी उलगडली, उन्हात धरली, काठापदरासकट निरखली.

"खरं सांग, फाटलीय कुठं?"