मंजूचा तोल

मध्य प्रदेशात, बालाघाटकडच्या भरवेलीजवळ एका खेड्यातल्या शाळेत मुलांचं जेवण रांधणारी मंजू चोविसाव्या वर्षी चालताना झोकांड्या खाऊ लागली. आधी अंधारात, मग भर दिवसाही. बोलताना जीभ जड व्हायची. एकदा मुलांच्या पंगतीत वरणाच्या बादलीसकट ती कोसळली, आणि बैठकीत भोजन समितीचा अध्यक्ष फकिरा सरळच म्हणाला, "बाई मोहाची दारू पिऊन येते."

मंजू भिंत धरत धरत त्याच्यासमोर गेली. "घ्या वास. सगळ्यायनं घ्या."

कुणी पुढे आलं नाही. काम मात्र गेलं.

आई शेवंताबाई म्हणाली, "जाऊ दे पोरी. घरी बसून शिलाई कर."

"काहून? म्या का चोरी केली?" म्हणत मंजूनं भाऊ विवेकला उठवलं आणि नागपूर गाठलं.

तिथल्या मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटून उभं केलं, तर ती कलंडलीच. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमच्या रक्तात व्हिटॅमिन ई जवळजवळ नाहीच. जेवणातून येतं, पण तुमचं यकृत ते पुढे पाठवत नाही. जन्मजात दोष आहे. त्यानं नसा झिजतात."

आता जन्मभर मोठ्या मात्रेच्या कॅप्सूल, त्याही तेलातुपाच्या जेवणासोबत. "झिजणं थांबेल. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. आणि एवढी मात्रा फक्त तुमच्यासाठी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्यानं ही घेतली, तर रक्तस्राव होऊ शकतो."

बालाघाटचा औषधवाला चिठ्ठी पाहून हसला. "ये तो चेहरा चमकाने की गोली है, बहन."

"चेहरा राहू द्या. मले चालाचं आहे. लिवल्या तेवढ्या द्या."

वर्षभरात जीभ मोकळी झाली, पाय बरेचसे स्थिरावले. मंजू रिपोर्ट घेऊन समितीपुढे उभी राहिली.

"झालं ते झालं," फकिरा म्हणाला. "उद्यापासून ये कामाले."

"असं नाही. तुमच्या रजिस्टरात माह्या नावापुढं दारू लिवली आहे. ते खोडा, अन् खरं कारण लिवा. मंग येतो."

हेडमास्तरीण नूतनबाईंनी रजिस्टर पुढे ओढून पेन उघडलं.

मंजू सुधारलेली पाहून गल्लीत त्या कॅप्सूलचं नाव झालं. शेजारच्या महागूकाकांच्या हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ करायची गोळी रोज चालू. त्यांनीही ताकदीसाठी दोन-दोन कॅप्सूल सुरू केल्या. दात घासताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त येतं, असं त्यांची सून खुशी हिनं सांगितलं, तशी मंजू त्यांच्या दारात गेली.

"काका, कॅप्सूल बंद करा. अन् दवाखान्यात चला."

"तू खाऊन राह्यली ना? मंग मले काहून मना?"

"माह्या रक्तात नाही, म्हणून खातो. तुमच्या रक्तात आहे."

काका भडकले. कालची पोर मले शिकवते म्हणाले, घराबाहेर व्हायला सांगितलं. मंजू उंबऱ्यावरच बसली. सुनेनं ऑटो आणला, तेव्हा कुठं काका शिव्या देत देत चढले. तपासणीत रक्त नको तेवढं पातळ निघालं. डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केल्या आणि दोन दिवस भरती करून घेतलं.

घरी आल्यावर महिनाभर काका मंजूशी बोलले नाहीत. तिनंही त्यांची मनधरणी केली नाही.