बुवाच्या कोपऱ्यातली भिंत

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. भावाले नाही, लेकीले नाही. अन् जिले सांगायचं होतं तिले तं नाहीच. ती गेल्या हिवाळ्यात गेली.

मी चवथी शिकलेलो. लिहिता येते, पण गोड करून लिहिता येत नाही. म्हणून सरळ लिहितो. सरळ म्हणतो खरं — अन् पाहा, अजून बाजूबाजूनंच फिरून राह्यलो.

म्हशीपासून सांगतो. महाराष्ट्र नवा झाला होता, आमचा संसारही तसा नवाच. घरी एक म्हैस होती, दुधाची. रोज सकाळी सायकलीले किटली अडकवून मी चिखलीले स्टँडाजवळच्या हाटेलात दूध घालत होतो. हाटेलवाला मोठ्या तोंडाचा. दुसऱ्याचं पाणचट दूध बोटावर घेऊन पाहे अन् चारचौघांत म्हणे, "काऊन भाऊ, म्हैस व्याली का हीर व्याली?" मग माह्याकडे बोट दाखवे — "दूध आणावं तं यानं."

मले त्याचा भारी गर्व होता. पाण्याचा थेंब मी कधी घातला नाही. पण पाणी न घालता किटली भरायची, तं ते दूध कोणाच्या तरी तोंडातूनच काढा लागते ना?

म्हशीले हेला झाला होता, नर वासरू. वगार असती तं तिचे लाड झाले असते, उद्याची म्हैस म्हणून. हेल्याचं काय? मी त्याले गुरांच्या कोठ्याच्या मागच्या कोपऱ्यात बांधलं. तिथं दुपारीही उजेड नव्हता. दावं एवढं आखूड, की मायपाशी जाणं तं सोडाच — त्याले मान जमिनीवर टेकून झोपताही येत नव्हतं. खाली सदा ओल. दोन टाईम सोडायचं, सडाले तोंड लावू द्यायचं, म्हशीनं पान्हा सोडला की ओढून मागं. माहा बाप एक सड कायम वासराचा ठेवे. मी तोही पिळला.

बायको त्याले 'बुवा' म्हणे. मान खाली घालून उभं राहे ना, कीर्तनाले उभा राह्यल्यासारखं. शेण काढता काढता हासे, "काहो बुवा, आज कोणता अभंग?" मग माह्याकडे पाहून म्हणे, "थोडं पिऊ द्या ना त्याले. बरगड्या दिसून राह्यल्या." मी म्हणो, "पेलं की. तुले काय समजते?"

ते भिंत चाटत होतं. पांढऱ्या मातीची भिंत — त्याच्या तोंडाच्या उंचीवर तिले खळगा पडला, मूठ बसंल एवढा. चाटून चाटून गुळगुळीत. पोटात दूध असलेलं वासरू भिंत खात नाही. मले माहीत नव्हतं का? शेतकऱ्याच्या घरात वाढलो मी. माहीत होतं.

एक दिवस मी वावरात असताना तिनं त्याले सोडलं. अंगणात उन्हात आणलं. ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज केली अन् बोटानं चाटवली. मी घरी आलो तं दारातच उभी. "काहो, बुवानं आज उडी मारली! पयले पाय लटपटले, मंग मारली." अशी हासत होती, की मले रागावता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यात मरून पडलं होतं.

ती त्याच्यापाशी बसली. माह्याकडे पाह्यलं नाही. पण मले वाटलं, आता ही त्या भिंतीकडे पाहीन. अन् मी बोललो —

"काल काय चारलं तू त्याले?"

बस, एवढंच. पण हे एकटं लिहून भागत नाही. आमचं पयलं लेकरू वरचं दूध न सोसून गेलं होतं. तिच्याच हातानं पाजलेलं. हे मले ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच ते वाक्य माह्या तोंडात आलं. कुठं लागंल ते पाहूनच मी मारलं.

तिनं आपल्या हाताकडे पाह्यलं. मग हात पदराखाली घेतले.

हेला मी एका काखेत मारून वावराच्या धुऱ्यावर नेला अन् पुरला. एवढा हलका. घरी आलो, ती हिरीवर गेली होती तोवर शेणमाती कालवून तो खळगा लिंपून टाकला. ती आली. ओली भिंत पाह्यली. "तुमी कवापासून लिंपायले लागले?"

"घुशीनं पाडली होती," म्हटलं.

मग लेक झाली. उष्टावणाच्या दिवशी तिले मामानं घास भरवला, तो रिवाजच. पण त्यानंतरही बायकोनं आपल्या हातानं लेकीले भरवलं नाही. ताट वाढे, अन् माह्या भावजयीले हाका मारे. लेक तोंड उघडून मायपाशी येई, तं ही हात मागं घेई. शेजारणी म्हणत, मोठी नखऱ्याची आहे. मी ऐकून घेतलं.

मी सुधारलो, हेही सांगा लागंल. पुढच्या वासरांले लांब दावं दिलं, उजेडात बांधलं, एक सड सोडला. हेलेही जगले. मले वाटलं, आता ते सारं तिच्या मनातून जाईन. अन् ती भावजयीले काय म्हणे? "पाहा, मी हात लावत नाही ना, तं कसे जगून राह्यले."

तेव्हा सांगता आलं असतं. मी बाजूलेच होतो, दावं वळत होतो. वळतच राह्यलो.

गेल्या हिवाळ्यात, शेवटच्या दिवसांत तिचा हात उचलेना. मी कण्यांची पेज करून चमच्यानं पाजत होतो. घोट गिळून ती मले म्हणाली, "तुमच्या हाताले यश आहे हो. माहा हात तसा नाही."

मी चमचा भरला. तिच्या तोंडापाशी नेला.

तिनं तोंड उघडलं.