हुरड्याचा पंचनामा

पूर्ण झालेली वस्तू वापरणारा माणूस आळशी असतो, असं ठाम मत असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं नशीब. मीठ पडायच्या आधी कढईतली पहिली फोड मामाजींच्या तोंडात जाते. सदरा कच्च्या टाक्यांवर असतानाच ते अंगात घालतात, जैनथच्या बाजारात एक चक्कर मारतात आणि कुठे उसवतो ते शिंप्याला येऊन सांगतात. नेरडीगोंड्याकडे एका नव्या रस्त्यावर नुसता मुरूम पडला होता, तेव्हा हे त्यावरून स्कूटर घेऊन गेले, आडवे झाले, आणि गुडघ्याला हळद लावून घेता घेता रस्ता उत्तम होणार असल्याची ग्वाही देत होते. मी मुलगी पाहायला जाणार होतो त्याच्या चार दिवस आधी हेच गृहस्थ पत्ता विचारायच्या बहाण्याने आमच्या घरी येऊन, पाणी पिऊन, मला तपासून गेले होते. मुलगा बरा आहे, चहा बशीत ओतून पितो, डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला आहे, असा लेखी अहवाल त्यांनी माझ्या सासऱ्यांना दिला. तो कागद सासूबाईंनी जपून ठेवला आहे आणि दर दिवाळीला त्याचं वाचन होतं.

लेखी अहवाल ही त्यांची दुसरी खोड. मामाजी गिरदावर म्हणून निवृत्त झाले. गिरदावर म्हणजे तहसील कचेरीतला तो माणूस, जो बांधावर उभा राहून कुणाच्या वावरात काय पेरलं, कुठे पडीक, कुठे विहीर, हे सगळं कागदावर उतरवतो. नोकरी संपली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मांजराने दूध सांडलं तरी घरात पंचनामा व्हायचा. ठिकाण, वेळ, चारी बाजूंच्या चतुःसीमा, खाली पंचांच्या सह्या. पंच क्रमांक एक कायमच्या मामी. दुसरा पंच दारात येईल तो, कधी भाजीवाली, कधी शेजारचे दुकानदार, कधी नार्नूरहून सुट्टीला आलेला मी. मामी चष्मा न लावताच एक तिरपी सही ठोकायच्या आणि म्हणायच्या, "लिवा काय लिवाचं ते. दूध तं गेलंच."

या घरात संगणक आला तो मामींसाठी. मुलीने पहिल्या पगारातून पाठवलेला. दर रविवारी सकाळी मामी नवं लुगडं नेसून त्याच्यासमोर बसायच्या आणि परदेशातल्या लेकीशी तोंड पाहून बोलायच्या. काही वर्षांनी तो इतका कुंथायला लागला की दुरुस्तीवाल्याने भंगारात घालायचा सल्ला दिला. मामाजींनी मग कुठूनसं शोधून काढलं, की जगभरातले हौशी लोक मिळून एक संगणकप्रणाली लिहितात, तिच्या आतलं सगळं कोणालाही उघडून पाहता येतं, ती फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. ती घातल्याबरोबर संगणक उठून बसला. दुसरा कोणी इथे समाधान मानून गप्प बसला असता. पण मामाजींच्या वाचनात आलं, की प्रत्येक नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी हे लोक तिची कच्ची आवृत्ती काढतात आणि सगळ्यांना विनवतात, वापरून पाहा, कुठे मोडते ते कळवा. जन्मभर न बोलावता असली कामं करणाऱ्या माणसाला शेवटी रीतसर आमंत्रण आलं होतं.

तेव्हापासून नातेवाइकांत त्यांची दहशत बसली. मामाजी येणार म्हटलं की लोक आपापले लॅपटॉप गाद्यांखाली लपवू लागले. माझा लपवायचा राहिला, त्यात मामाजींनी कच्ची आवृत्ती घातली, आणि संक्रांतीचे चार दिवस शाळेच्या प्रश्नपत्रिका पोटात घेऊन तो निपचित पडून होता. मी वैतागून म्हटलं, पक्की आवृत्ती येईपर्यंत थांबायला काय होतं? ते शांतपणे म्हणाले, "पिकल्यावर कोनीबी खाते जी, जावईबापू. हुरडा खाले वावरात जा लागते." त्यानंतर आमच्या घरात कच्च्या आवृत्तीला हुरडाच म्हणतात.

बिघाड कळवायचा म्हणजे काय, तर मामाजींच्या लेखी पंचनामाच. कचेरीतल्या इंग्रजीत, सहीशिक्क्याच्या थाटात लिहायचा आणि कागदाचा फोटो काढून पाठवायचा. सदर संगणकाच्या पूर्वेस भिंत व कॅलेंडर, पश्चिमेस बंद कुलर, दक्षिणेस अर्जदाराची खुर्ची, उत्तरेस नादुरुस्त प्रिंटर, वायरीने जोडलेला, त्यावर वातींचा डबा. तो डबा मामींचा. कापूस घरचा, वाती घरच्या, आणि ठेवायला प्रिंटरइतकी सपाट जागा घरात दुसरी नाही, म्हणून तो प्रिंटर बिघडूनही जागचा हलला नव्हता. पलीकडच्या, प्रणाली लिहिणाऱ्यांपैकी एका कार्यकर्त्याने पहिल्या खेपेला अदबीने विचारलं, की कुलरचा या प्रकरणाशी काय संबंध? मामाजींनी उत्तर धाडलं, की चतुःसीमा नसलेला कागद आमच्याकडे दाखल होत नाही.

गेल्या वर्षी मामी गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. लेक आली, रडली, आणि जाताना म्हणाली की बाबा, आता नवा संगणक घ्या. मामाजी नाही म्हणाले. मामी ज्याच्यासमोर बसायच्या तो त्यांना भंगारात द्यायचा नव्हता, एवढं साधं होतं ते, आणि आम्हा सगळ्यांना ते कळत होतं. पुढे कापूस वेचणीच्या दिवसांत नवा हुरडा आला आणि त्या संगणकावर चालेचना. पडद्यावर चित्र उमटायचं आणि तिथेच थिजायचं. जुन्या आवृत्तीची दुरुस्ती बंद होणार होती आणि नवी पक्की व्हायला थोडेच आठवडे उरले होते. मामाजींनी मला नार्नूरहून बोलावून घेतलं. "आपन आत्ता सांगतलं नाही, तं ते आपल्याले बाहेर ठेवून निंगून जातीन," ते म्हणाले. माझ्यासमोर त्यांनी संगणक सात वेळा चालू केला, तो सातही वेळा अडकला. मग पंचनामा लिहिला, कागद माझ्याकडे सरकवला आणि दोन नंबरवर बोट ठेवलं. एक नंबरची जागा कोरी होती. मी सही केली.

चार दिवसांनी उत्तर आलं. त्याच कार्यकर्त्याने लिहिलं होतं, की तुमच्या उत्तरेकडच्या प्रिंटरची वायर काढून पाहा. वायर काढली, संगणक सुरळीत चालू झाला. ज्या चतुःसीमेला आम्ही वर्षानुवर्षं हसलो, तिनेच दुखणं दाखवलं होतं. मी म्हटलं, झालं तर मग, आता प्रिंटर टाकून द्या. मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली पाहिलं. त्यांनी वायर पुन्हा जोडली, संगणक पुन्हा अडकला, आणि दुसरा पंचनामा गेला. बिघाड प्रिंटर जोडलेला असतानाच दूर करावा, कारण प्रिंटरवर डबा आहे व तो हलणार नाही. हे वाचून समोरच्याला काय वाटलं असेल देव जाणे, पण त्याने ते काम केलं. पुढच्या हुरड्यावर संगणक प्रिंटरसकट चालू झाला आणि रविवारी लेकीचा चेहरा पडद्यावर आला.

प्रकरण बंद करताना त्या माणसाने आभार मानले होते आणि खाली दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या होत्या. तुमच्या प्रत्येक कागदाखाली पहिली एक तिरपी सही असे, ती शेवटच्या दोन कागदांवर दिसली नाही. सगळं ठीक आहे ना?

मामाजी शेवटचा पंचनामा लिहायला बसले होते, बिघाड दुरुस्त झाल्याचा. नोकरीत त्यांनी किती खातेदारांच्या नावांपुढे लाल शाईने 'मयत' असा शेरा मारला असेल, त्याची गणती नाही. हात न थबकता मारायचे. त्या दिवशी त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. एकदा प्रिंटरवरच्या डब्याकडे पाहिलं. मग अगदी वळणदार अक्षरात लिहिलं, 'पंच क्रमांक एक : गैरहजर.'

कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तुमी दोन नंबरलेच सही करा."

मी दोन नंबरला सही केली.