पासिंगला नापास झालेली जीप

एकदा पासिंगला नापास झालेली गाडी तुम्ही विकत घ्याल का?

माझे बाबा पोलादपूरला प्रवासी जीप चालवायचे. पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या तपासणीच्या दिवसापुरते दुसऱ्याचे चांगले टायर लावून गाडी न्यायची, अशी आमच्या स्टँडवरची पद्धत. बाबांनी टायर मागितले नाहीत, म्हणून झिजलेल्या टायरांवर जीप नापास झाली. मग त्यांनी नवे टायर घातले, ब्रेकचं काम केलं आणि ती पास करून आणली. पुढे नजर कमी झाल्यावर कशेडी घाट झेपेना, तेव्हा जीप विकायला काढली. नाते गावचं गिऱ्हाईक आलं. बाबांनी त्याला सगळं खरं सांगितलं.

"नको काका. धाव्वीला आपटलेला जावई चालंल, आपटलेली गाडी नाय चालायची."

"अरे, आता पास हाय ना ती!"

त्याने शेजारची, उसन्या टायरांवर पास झालेली जीप घेतली. पुढची गिऱ्हाइकंही तशीच फिरली. आमची जीप भंगारात गेली. ती तोडताना बघायला बाबा गेले नाहीत.

लबाडीला गिऱ्हाईक आपणच मिळवून देतो, याचा मला राग येतो आणि त्याहून जास्त वाईट वाटतं. जुनी गाडी बघायला जाल, तेव्हा 'नापास' ऐकून पाठ फिरवू नका. नंतर काय दुरुस्त केलं, एवढं मालकाला विचारा.