विमानातलं तीर्थ

विमान सुटायच्या तीन तास आधी पोचावं लागतं, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. सांगणारा अमेरिकेला निघाला होता आणि मी मुंबईला, हा फरक माझ्या लक्षात यायला हवा होता. आला नाही. त्यामुळे मी, बायको आणि माझी आई असे तिघं होटगी रोडच्या विमानतळावर उतरलो, तेव्हा दारावरचा पोलीस म्हणाला, "साहेब, तुमचं विमान अजून तिकडनं निघालं पण न्हाय. लई लांबनं आलाय का?"

"न्हाय, हितलंच. रिक्षानं पंधरा मिनिटं."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि आईसाठी खुर्ची आणायला गेला. बायको बॅगा मोजू लागली. अशा वेळी ती बोलत नाही, साठवते.

मुंबईला आमच्या लेकीच्या बाळाचं बारसं होतं. आईला, म्हणजे आमच्या अव्वाला, पणतू मांडीवर घ्यायचा होता. एरवी ती वळसंगला माहेरी जायचं तरी दहा वेळा नको म्हणते, पण पणतवासाठी ती विमानात बसायलाही तयार झाली.

अव्वाचा सकाळचा क्रम ठरलेला. आंघोळ, मग इन्सुलिनचं इंजेक्शन, मग पूजा, मग न्याहारी. आम्ही लिंगायत. अव्वाच्या गळ्यात चांदीची डबी असते, तिच्यात इष्टलिंग. ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, पाणी घालायचं, ते पाणी तीर्थ म्हणून प्यायचं. त्याआधी पाण्याचा थेंब तिला चालत नाही. इंजेक्शन हे घरातलं माझं खातं. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत माझे टॉवेलचे माग आहेत, तिथं माझं कुणी ऐकत नाही. पण सुई बघितली की अव्वा निमूट दंड पुढे करते, याचं मला फार अप्रूप.

त्या सकाळी मी वेळेवर सुई टोचली, आणि मीच बोलावलेला रिक्षावाला दारात हॉर्न वाजवायला लागला. "चला चला, विमान काय आपल्यासाठी थांबत न्हाय," असं ओरडणाराही मीच.

"ऱ्हाऊ दे मग," अव्वा म्हणाली, "पूजा नातीकडं जाऊन निवांत करीन."

विमानतळावर बायकोनं तिला विचारून बघितलं. बायको अक्कलकोटकडची, सासूला कानडी रीतीनं अत्ती म्हणते. "अत्ती, त्या कोपऱ्यात बसून करता का पूजा?"

"हितं? पायताणं घालून माणसं हिंडायलीत की गं."

मी उपमा आणला होता. तो तिच्यापुढे धरला, ती नको म्हणाली, मी बरं म्हणालो आणि तिच्या वाटणीचाही खाल्ला. पोटात काही नाही आणि सुई तर टोचून झालीय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. भस्माची पिशवी आणि रक्तातली साखर मोजायचं यंत्र मी मोठ्या बॅगेत घालून सामानात दिलं होतं, नीट राहील म्हणून. हाताशी काय ठेवलं होतं? शेंगाचटणी आणि चार टॉवेल.

विमान वर चढलं तेव्हा अव्वा खिडकीशी होती, शेजारी बायको, आणि मधली वाट सोडून पलीकडे मी. "वळसंग दिसतंय का रं?" अव्वानं विचारलं. मी खाली दिसलेलं एक गाव बोट करून दाखवलं. कुठलं होतं देव जाणे. पण तिला तिथं तिच्या माहेरची विहीरसुद्धा दिसली.

मुंबई जवळ आली आणि पायलटनं सांगितलं की खाली गर्दी आहे, थोडा वेळ वरच फिरावं लागेल. आम्ही समुद्रावर घिरट्या घालू लागलो. मी मजेत होतो. तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, हिकडं बघा."

अव्वाच्या कपाळावर घामाचे थेंब होते. गार हवा सुटली होती आणि तिचा पदर भिजला होता. मी हात धरला तर तो बर्फासारखा. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला "अण्णा" म्हणाली. अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो जाऊन किती वर्षं झाली.

तेव्हा मला सकाळची सुई आठवली.

बटण दाबायचं म्हणून मी आधी दिवाच लावला, मग विझवला, मग बेल वाजली. हवाई सुंदरी धावत आली. मी जमेल तशा हिंदीत सांगितलं. ती लगेच मोसंबीचा रस घेऊन आली, पण अव्वानं ओठ घट्ट मिटून घेतले. "ब्याड," ती म्हणाली. म्हणजे नको. "पूजा आगिल्ल." पूजा झाली नाही.

"अव्वा, एक घोट घे. देव काय म्हणत न्हाय."

तिनं पेला ढकलला. रस माझ्या नव्या शर्टावर. मला जन्म देणारी ही बाई मला ओळखत नव्हती, पण पूजा झालेली नाही हे तिला बरोबर ठाऊक होतं.

विमानात कुणी डॉक्टर आहे का, अशी विचारणा झाली. सगळे एकमेकांकडे बघू लागले, उठलं कुणी नाही. हवाई सुंदरीनं प्राणवायूची नळकांडी आणली, फोनवर पायलटशी बोलली. "हम सबसे पहले उतरेंगे, अँब्युलन्स भी आएगी," ती म्हणाली. "लेकिन तब तक कुछ मीठा जाना चाहिए. ज़बरदस्ती मत कीजिए अंकल, गले में अटक जाएगा."

मी अव्वाचा हात धरून बसलो. दुसरं काही सुचत नव्हतं. तिच्या पापण्या जड होत चालल्या होत्या.

बायको त्या मुलीला म्हणाली, "चाय की शक्कर है ना? चार-पाँच पुड़ी. और थोड़ा पानी, एक चम्मच."

मग तिनं अव्वाची बोटं आपल्या बोटांत घेतली. दुसऱ्याच्या इष्टलिंगाला आपण हात लावायचा नसतो. म्हणून तिनं अव्वाच्याच बोटांनी ती डबी उघडवली, अव्वाच्याच हातानं लिंग तळहातावर ठेवलं. आणि मग माझ्याकडे वळली. "भस्म?"

"बॅगेत. खाली सामानात."

"कपाळ हिकडं करा."

सकाळी मी घाईत कपाळाला भस्म फासलं होतं. माझं कपाळ आता टाळूपर्यंत जातं, त्यामुळे माल भरपूर होता. तिनं ते खरवडून अव्वाच्या बोटांना लावलं. समोर उभी असलेली हवाई सुंदरी हळूच म्हणाली, "आंटी, जूते निकालूँ?" आणि उत्तराची वाट न बघता तिनं बूट काढले, मोज्यांवर वाटेत गुडघे टेकून बसली आणि साखरेच्या पाण्याचा पेला धरला.

लिंगाला भस्म लागलं, आणि अव्वाचा हात आपोआप डोळ्यांसमोर आला. तिचे ओठ हलू लागले. बायको चमच्यानं पाणी घालत होती. "अत्ती, तीर्थ तगोरी," ती म्हणाली. तीर्थ घ्या.

अव्वानं तळहात ओठांना लावला.

पुन्हा चमचा. पुन्हा तळहात. खाली समुद्र फिरत होता आणि मी फक्त तिच्या गळ्याकडे बघत होतो, घोट उतरतोय का. उतरत होता. पूजा झाली म्हटल्यावर मग तिनं उरलेला पेला तोंडाला लावला, रसही प्याली. चाकं जमिनीला लागली तेव्हा तिनं मला नीट बघितलं आणि म्हणाली, "शर्टाला काय सांडलंयस रं, बारशाला निघालास आणि?"

मी पिशवीतला एक टॉवेल काढून डोळ्यांना लावला. टॉवेल चार होते, ते बरं झालं.

डॉक्टरांनी तपासून दुपारी सोडलं. गाडीत अव्वा बायकोला म्हणाली, "विमानातलं पाणी गोड असतंय व्हय गं?"

"व्हय की अत्ती. तिकिटातच धरत्यात."

लेकीच्या घरी अव्वा पणतू मांडीवर घेऊन बसली. मी स्वयंपाकघरात गेलो. बायको भाकरी थापत होती.

"सुई मी टोचली," मी म्हणालो. "घाई मी केली. तिला काय झालं असतं तर मीच…"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"सुई काढून इन्सुलिनचं पेन मीच खोक्यात ठेवलं. पूजा राहिलीय हेही मला ठाऊक होतं. मला तरी कुठं सुचलं?" पिठाचा हात तिनं माझ्या कोपरावर ठेवला. "सगळी चूक एकट्याची म्हणून मिरवू नका. एवढं मोठं काम तुम्ही एकट्यानं केलंय कधी?"